मुके प्रेक्षक कीं वाटेकरी?

घरीं पूजा मांडलेली असते. उपाध्ये संस्कृतांतून मंत्र म्हणत असतात. यजमान सांगितल्याप्रमाणें आचमन करतो, पळीभर पाणी सोडतो, फूल वाहतो. मागें सतरंजीवर बसलेली मंडळी हळू आवाजांत घरगुती गोष्टी बोलत असतात. मग निरांजन पेटतें, घंटा वाजते, आणि सारीं माणसें उभीं राहून एका सुरांत आरती म्हणूं लागतात. ही पूजा कोणाची झाली? मंत्र म्हणणाऱ्या उपाध्यांची, संकल्प सोडणाऱ्या यजमानाची, कीं आरतीला हात जोडणाऱ्या सर्वांची? उपासनेंत भाग घेणें म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न मराठी घरांत क्वचितच वादाचा होतो. रोमन कॅथॉलिक पंथाच्या इतिहासांत मात्र हाच प्रश्न साठ वर्षें गाजला. त्यावर पोपांचीं आज्ञापत्रें निघालीं, मठांतून चळवळी उठल्या, आणि अखेर १९६३ सालीं जगभरच्या दोन हजारांवर धर्माधिकाऱ्यांनीं मतदान करून त्याचें उत्तर दिलें. त्या उत्तराचा अर्थ काय, हा वाद मात्र अद्यापि मिटलेला नाहीं.

एकोणिसाव्या शतकांतील युरोपांतल्या एकाद्या खेड्याचें चर्च डोळ्यांपुढें आणावें. रविवारची मिस्सा चालली आहे. भाकर आणि द्राक्षरस वेदीवर अर्पण करून येशू ख्रिस्ताचें बलिदान पुन्हां उपस्थित करणारा हा कॅथॉलिकांचा मुख्य विधि. धर्मगुरु लोकांकडे पाठ करून वेदीपाशीं उभा आहे. त्याची भाषा लॅटिन. आणि विधीचा सर्वांत पवित्र भाग तर तो ओठांतल्या ओठांत म्हणतो. त्याला उत्तरें देतो तो पायरीवर गुडघे टेकून बसलेला एक लहान मुलगा. त्याला अर्थ कळतो असें नाहीं, पाठांतर मात्र चोख आहे. बांकावर बसलेली एक म्हातारी जपमाळ ओढीत आहे. तिच्या शेजारचा गृहस्थ प्रार्थनेचें पुस्तक उघडून वेगळ्याच प्रार्थना वाचीत आहे. इतक्यांत घंटा वाजते आणि सर्वांच्या माना लवतात, कारण त्या क्षणीं धर्मगुरु अर्पण केलेली भाकर वर उचलून धरतो. घंटा थांबली कीं जो तो पुन्हां आपापल्या प्रार्थनेला लागतो. ही भक्ति खोटी नव्हती. पण विधि एकीकडे आणि लोक दुसरीकडे, अशी ती स्थिति होती.

आरंभीं असें नव्हतें. उपासनेला कॅथॉलिक लोक 'लितुर्गी' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. नागरिकानें सार्वजनिक हितासाठीं केलेलें काम असा त्याचा जुना अर्थ. इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्यें राहणाऱ्या जस्टिन नांवाच्या तत्त्वज्ञानें सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती धर्माचें समर्थन लिहिलें. त्यांत रविवारच्या सभेचें वर्णन आहे. प्रथम ग्रंथवाचन, मग उपदेश, मग सर्वांनीं उभें राहून केलेली प्रार्थना. नंतर भाकर, द्राक्षरस आणि पाणी पुढें आणलीं जात. अध्यक्ष आभारस्तवन करी आणि सर्व लोक 'आमेन' म्हणून त्याला रुकार देत. अर्पण केलेल्या अन्नाचा वाटा प्रत्येकाला मिळे. जे गैरहजर असत त्यांच्याकडेही तो सेवकांच्या हातीं पोहोंचविला जाई. पुढें चौथ्या शतकांत जेरोम या पंडितानें लिहून ठेविलें आहे कीं, रोमच्या मंदिरांतून उठणारा लोकांचा आमेन आकाशांतील गडगडाटासारखा घुमे. येथें लोक पाहुणे नव्हते, वाटेकरी होते.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. रोममधील ख्रिस्ती समाजाची पहिली उपासनाभाषा लॅटिन नव्हती, ग्रीक होती. सामान्य लोकांना ग्रीक कळेनाशी झाली, म्हणून चौथ्या शतकांत तिची जागा लॅटिननें घेतली. जी भाषा पुढें लोक आणि वेदी यांच्यामध्यें भिंतीसारखी उभी राहिली, ती मुळांत लोकांना कळावें म्हणूनच आणलेली होती!

भिंत एका दिवसांत उभी राहिली नाहीं. लॅटिनच्या पोटीं इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज या भाषा जन्मल्या; उत्तरेकडील जर्मन व इंग्लिश लोकांची भाषा तर मुळांतच निराळी. लोकांची जीभ पालटली, विधीची भाषा तीच राहिली. आठव्या शतकाच्या सुमारास मुख्य प्रार्थना हळू आवाजांत म्हणण्याची चाल पडली. गायन तयार गायकांकडे गेलें. वेदी आणि लोक यांच्यामध्यें लांकडी वा दगडी जाळ्या आल्या. प्रसाद घेणें इतकें दुर्मिळ झालें कीं, १२१५ च्या लॅटरन परिषदेला प्रत्येकानें निदान वर्षांतून एकदां, ईस्टरच्या सुमारास, तो घ्यावा असा नियम करावा लागला. त्याच सुमारास भाकर वर उचलून दाखविण्याची प्रथा पॅरिसकडून सर्वत्र पसरली. तोंडानें म्हणणें गेलें, कानानें ऐकणें गेलें, मुखांत घेणें विरळा झालें. राहिलें तें डोळ्यांनीं पाहणें. पाहणें हाच सामान्य माणसाचा सहभाग ठरला.

सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरनें या भिंतीवर घाव घातला आणि १५२६ सालीं जर्मन भाषेंतील मिस्सा प्रसिद्ध केली. कॅथॉलिकांची ट्रेंट येथील परिषद या प्रश्नाकडे वळली तेव्हां देशी भाषेची मागणी विरोधकांच्या झेंड्यावर चढलेली होती. १७ सप्टेंबर १५६२ रोजीं परिषदेनें निर्णय दिला कीं, मिस्सा सर्वत्र देशी भाषेंत व्हावी हें इष्ट नाहीं. मात्र धर्मगुरूंनीं विधीचा अर्थ लोकांना वारंवार समजावून सांगावा. निर्णयाचा पहिला भाग कसोशीनें पाळला गेला. दुसऱ्याचा बहुतेक विसर पडला. एका फ्रेंच धर्मगुरूनें मिस्साग्रंथाचें भाषांतर केलें, तेव्हां १६६१ सालीं पोप अलेक्झांडर सातवे यांनीं त्याचा निषेध केला. भाषांतराला असलेली ही मनाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कागदावर शिल्लक होती.

लोकभाषेला चर्चमध्यें थाराच नव्हता असें मात्र नाहीं. वेदीपासून दूर ती आपली वाट काढीत होती. याचें एक उत्तम उदाहरण मराठींतच आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' रचलें आणि तें १६१६ सालीं छापून निघालें. १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. गोव्यांतील नवख्रिस्ती लोक चर्चमध्यें जमून तें ऐकत व गात. मिस्सा लॅटिनमध्यें आणि पुराण ओवींत, अशी ही वांटणी होती. अर्थ, रस आणि सूर लोकांना मिळाला तो विधीच्या उंबरठ्याबाहेर.

आतां १९०३ या सालाकडे वळूं. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें जुझेप्पे सार्तो हे पायस दहावे या नांवानें पोप झाले. रिएझे या लहान गांवांतल्या गरीब कुटुंबांत त्यांचा जन्म. आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. तोंबोलो या गांवीं तरुण सहायक धर्मगुरु असतांना ते शेतकऱ्यांना रात्रीच्या शाळेंत लिहावयास शिकवीत आणि गायनही शिकवीत. खेड्यांतील माणसाला गाणें शिकवितां येतें, हें त्यांनीं पुस्तकांत वाचलेलें नव्हतें, पाहिलेलें होतें. त्या काळच्या इटलींत चर्चमधील संगीत नाट्यगृहाच्या वळणावर गेलें होतें. गवयांचे एकल आलाप, बँडचा गजर, आणि त्यापुढें धर्मगुरूला वेदीपाशीं खोळंबून राहावें लागणें, हें नेहमींचें झालें होतें.

गादीवर आल्यावर चार महिन्यांच्या आंत, २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, पायस दहावे यांनीं संगीतासंबंधीं आज्ञापत्र काढलें. दिवस संत सिसिलियेचा, म्हणजे संगीताच्या आश्रयदात्रीचा. पिआनो, ढोल, झांजा यांना चर्चमध्यें बंदी झाली आणि ग्रेगोरियन नांवाच्या प्राचीन, साध्या, एकसुरी गायनाला अग्रस्थान मिळालें. पण इतिहासाच्या दृष्टीनें त्यांतील दोन शब्द सर्वांत मोलाचे ठरले. ख्रिस्ती वृत्तीचा पहिला आणि अपरिहार्य झरा म्हणजे पवित्र विधींत लोकांचा सक्रिय सहभाग, असें पोपांनीं म्हटलें. 'पार्तेचिपात्स्योने आत्तीवा' हे ते इटालियन शब्द. पुढील साठ वर्षें ही चळवळ या दोन शब्दांना धरून चालली.

येथें एक गंमत आहे. ज्या आज्ञापत्रानें सक्रिय सहभागाचा उच्चार केला, त्यानेंच गंभीर विधींत देशी भाषेंत गाण्यास मनाई केली. पायस दहावे यांच्या मनांतील सहभाग म्हणजे साऱ्या गांवानें लॅटिन स्तोत्रें एका सुरांत गाणें. भाषा बदलावी हें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें. परंतु सहभागाच्या मुळाशीं प्रसाद आहे हें त्यांनीं नीट ओळखलें होतें. १९०५ सालीं त्यांच्या कारकीर्दींत वारंवार, शक्य तर रोज, प्रसाद घेण्याला उत्तेजन देणारा निर्णय निघाला, आणि १९१० सालीं सुमारें सात वर्षांच्या मुलांनाही प्रसाद देण्याची मोकळीक झाली. सात शतकांपूर्वीं वर्षांतून एकदां तरी या म्हणून सक्ति करावी लागत होती. आतां रोज या असें आमंत्रण आलें.

आज्ञापत्र कपाटांत पडून राहूं नये यासाठीं कोणीतरी तें हातीं घेऊन लोकांत जावें लागतें. तें काम बेल्जममधील लाम्बेर बोदुएन यांनीं केलें. मठांत येण्यापूर्वीं ते कामगारांमध्यें काम करणारे धर्मगुरु होते. कारखान्यांतला मजूर चर्चपासून दूर कां जात आहे, हा प्रश्न त्यांना टोंचत होता. १९०९ सालच्या सप्टेंबरांत मालिन येथील कॅथॉलिक संस्थांच्या परिषदेंत त्यांनीं सांगितलें कीं, मिस्सेचा ग्रंथ लोकांच्या हातीं त्यांच्या भाषेंत द्या. विधि लॅटिनमध्येंच राहो. पण समोर काय चाललें आहे हें लोकांना वाचतां येऊं द्या. त्याच वर्षीं त्यांच्या लूव्हेन येथील मठानें दर आठवड्याचा विधि भाषांतरासह छापलेल्या स्वस्त पुस्तिका काढण्यास आरंभ केला. एक बाजू लॅटिन, दुसरी बाजू लोकभाषा. दोन भाषांची ती पुस्तिका हातीं आली आणि जपमाळ ओढणाऱ्या बांकांवर पानें उलटण्याचा आवाज होऊं लागला.

पहिल्या महायुद्धानें या विचाराला धार आली. ऑस्ट्रियांतील पीउस पार्श हे सैन्यांत धर्मगुरु म्हणून पूर्व आघाडीवर होते. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या शिपायांना मिस्सेचा अर्थ कळत नाहीं, हें त्यांनीं जवळून पाहिलें. आणि कीव्ह शहरांत ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक आपल्या उपासनेंत कसे रंगून जातात, हेंही पाहिलें. परत आल्यावर व्हिएन्नाजवळ क्लोस्टरनॉयबुर्ग येथील संत गर्ट्रूडच्या लहानशा मंदिरांत त्यांनीं १९२२ सालीं लोकांसह मिस्सा केली; लोक उत्तरें देऊं लागले, आपल्या भाषेंत गाऊं लागले. जर्मनींत मारिया लाख येथील मठाच्या तळघरांतील मंदिरांत १९२१ सालीं असाच प्रयोग झाला होता. रोमानो ग्वार्दिनी यांच्या १९१८ सालच्या लहानशा पुस्तकानें हा विचार विद्यापीठांतील तरुणांपर्यंत नेला. १९३३ नंतर नाझी राजवटीनें कॅथॉलिक युवकसंघटना एकामागून एक बंद पाडल्या. बाहेर जमण्याची सोय उरली नाहीं, तेव्हां वेदीभोंवतीं जमणें हेंच तरुणांचें संघटन झालें. मिळून आमेन म्हणण्याला त्या दिवसांत निराळें वजन आलें असल्यास नवल नाहीं.

रोमनें या हालचालींकडे कांहीं काळ सावध नजरेनें पाहिलें. १९२८ सालीं पायस अकरावे यांनीं लिहिलें कीं, लोकांनीं परक्यांसारखें वा मुक्या प्रेक्षकांसारखें उपस्थित राहूं नये. २० नोव्हेंबर १९४७ रोजीं पायस बारावे यांनीं केवळ उपासना याच विषयावर विस्तृत पत्र प्रसिद्ध केलें. चळवळीचें त्यांनीं कौतुक केलें, पण एका बाबतींत कान उघाडणीही केली. बाहेरचें गाणें, उत्तरें देणें, उठणें-बसणें ही उपासनेची काया. अंतःकरणाचें अर्पण हा तिचा प्राण. सर्वांची बुद्धि व स्वभाव सारखा नसतो. देशी भाषेंतील पुस्तकही ज्यांना झेपत नाहीं, त्यांनीं ख्रिस्ताच्या जीवनाचें चिंतन करीत वा इतर प्रार्थना म्हणत मिस्सेला बसलें, तर तोही सहभागच होय. सुधारकांनीं जिला निष्क्रिय ठरविलें होतें, त्या जपमाळवाल्या म्हातारीची बाजू अशा रीतीनें खुद्द पोपांनीं घेतली.

पुढच्या पंधरा वर्षांत घटना झपाट्यानें घडल्या. १९५१ सालीं ईस्टरच्या रात्रीचा जागर पुन्हां रात्रीं होऊं लागला; तोंपर्यंत तो शनिवारीं सकाळींच उरकला जात असे. १९५५ सालीं पवित्र सप्ताहाच्या विधींची नवी रचना जाहीर झाली. आणि २५ जानेवारी १९५९ रोजीं पोप जॉन तेविसावे यांनीं जागतिक परिषद भरविण्याचा मनोदय जाहीर केला. बोदुएन १९६० च्या जानेवारींत वारले. आपल्या मागणीचें फळ त्यांनीं पाहिलें नाहीं.

दुसरी व्हॅटिकन परिषद ११ ऑक्टोबर १९६२ रोजीं उघडली आणि उपासना हाच तिचा पहिला चर्चाविषय ठरला. देशी भाषांवर वाद झाला तो लॅटिनमध्यें. लेबॅनन-सीरियाकडील मेल्काइट पंथाचे वृद्ध कुलगुरु माक्सिमोस चौथे यांनीं मात्र जाणूनबुजून फ्रेंचमध्यें भाषण केलें. लॅटिन ही ख्रिस्ती धर्माची एकमेव भाषा नव्हे, हें त्यांना नुसतें सांगावयाचें नव्हतें, दाखवावयाचें होतें. उलट बाजूनें कार्डिनल ओत्ताव्हियानी यांनीं पवित्र गोष्टींची मोडतोड होईल अशी भीति बोलून दाखविली. ठराविक वेळ संपल्यावरही ते बोलत राहिले, तेव्हां अध्यक्षांनीं त्यांचा ध्वनिक्षेपक बंद करविला. ४ डिसेंबर १९६३ रोजीं अखेरचें मतदान झालें. अनुकूल २,१४७, प्रतिकूल ४. सर्व श्रद्धावंतांनीं विधींत पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा, आणि बाप्तिस्म्यामुळें हा त्यांचा हक्कही आहे व कर्तव्यही, असें परिषदेनें ठरविलें. दान म्हणून आलेली गोष्ट हक्क झाली, हें या निर्णयाचें खरें महत्त्व होय.

७ मार्च १९६५ रोजीं पोप पॉल सहावे यांनीं रोमच्या एका चर्चमध्यें इटालियन भाषेंत मिस्सा केली. १९६९ सालीं नवा मिस्साविधि जाहीर झाला. बहुतेक ठिकाणीं वेदी पुढें आली, धर्मगुरु लोकांकडे तोंड करून उभा राहिला, वाचनें लोकांतील स्त्रीपुरुष करूं लागले. लॅटिनचें स्थान राखून ठेवण्यास परिषदेनें सांगितलें होतें. पण थोड्याच वर्षांत ती बहुतेक चर्चमधून नाहींशी झाली आणि तिच्याबरोबर ग्रेगोरियन गायनही. ज्यांनीं तें आयुष्यभर गाइलें होतें, त्यांना आपलेंच घर परकें झाल्यासारखें वाटलें. ही हळहळ केवळ जुनाटपणा म्हणून उडवून देण्यासारखी नव्हती. २००७ सालीं बेनेडिक्ट सोळावे यांनीं जुन्या विधीला मोकळीक दिली आणि २०२१ सालीं फ्रान्सिस यांनीं ती पुन्हां आवळली, यावरून ती जखम किती खोल होती हें दिसतें.

या बदलाचे पडसाद भारतांत निराळे उठले. १९६४ च्या अखेरीस पॉल सहावे मुंबईच्या जागतिक ख्रिस्तप्रसाद परिषदेस आले होते. पुढें वसईच्या चर्चमधून मिस्सा मराठींत होऊं लागली. स्टीफन्सनें उंबरठ्याबाहेर गाइलेली भाषा साडेतीन शतकांनीं वेदीवर चढली. १९६९ सालीं भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमनें बारा सुधारणांना मान्यता दिली. पादत्राणें काढून जमिनीवर बसणें, हात जोडून नमस्कार, समया, फुलें, धूप आणि आरती यांना मिस्सेंत जागा मिळाली. कांहींना हें आपल्या मातीचें वाटलें. तर अनेक कॅथॉलिकांना तें अपरिचित वाटून त्यांनीं विरोध केला. मुद्दा ध्यानांत घेण्याजोगा आहे: लोकांनीं भाग घ्यावा म्हणून जें आणलें, तें लोकांना विचारूनच आणावें लागतें.

तर मग सक्रिय सहभाग म्हणजे काय? परिषदेनें लॅटिनमध्यें वापरलेला 'आक्तुओसा' हा शब्द नुसत्या धांवपळीचा वाचक नाहीं. घोष, उत्तरें, स्तोत्रें, हावभाव हीं सांगून झाल्यावर परिषदेनें योग्य वेळीं पाळावयाचें मौनही त्याच यादींत घातलें आहे. सर्वांना कांहीं ना कांहीं काम वांटून दिलें कीं सहभाग झाला, हा समज म्हणूनच उथळ ठरतो. जोसेफ रात्सिंगर यांनीं पोप होण्यापूर्वीं, २००० सालीं लिहिलेल्या ग्रंथांत हेंच निराळ्या तऱ्हेनें मांडलें: उपासनेंतील मुख्य कर्म देवाचें, माणसानें त्या कर्मांत ओढलें जाणें हा सहभाग. आणि वृद्ध ग्वार्दिनींनीं तर १९६४ सालींच, विजयाच्या त्या ऐन क्षणीं, जर्मनींतील सभेला लिहिलेल्या पत्रांत विचारलें होतें कीं, आजच्या एकलकोंड्या माणसाला मिळून उपासना करण्याची शक्ति तरी उरली आहे काय? विधि बदलणें सोपें. ती शक्ति पुन्हां जागविणें कठीण.

साठ वर्षांच्या त्या धडपडीनें दोन गोष्टी पदरांत टाकल्या. अर्थ कळणें हा माणसाचा हक्क आहे. तो नाकारून भक्ति वाढत नाहीं. आणि अर्थ कळल्यानें काम संपत नाहीं; तेथून तें सुरू होतें. भाषा कळूनही जो कोरडा बसतो तो प्रेक्षकच. आणि एक शब्द न कळतां जपमाळेचा मणी ओढतांना जिनें आपलें सारें दुःख वेदीवर ठेविलें, ती म्हातारी वाटेकरीण होती. परंतु तिच्या नातीला तो शब्दही कळावा, आणि तिचा आमेन पुन्हां गडगडाटासारखा घुमावा, यासाठींच तो सारा खटाटोप होता.